तारलीच्या वासाचं दूध

त्या गावात पहिल्यांदा दूध प्यायलो तेव्हा वाटलं, भांडं नीट धुतलेलं नाही. दुसऱ्या घरी प्यायलो तेव्हा कळलं, दोष भांड्याचा नाही, गाईचा आहे. तिथे गवत जवळजवळ नव्हतंच. गाईला सुकी तारली घालत, आणि सोबत शिजवलेल्या खजुराच्या बिया. किनाऱ्यावर वाळूत पसरून वाळवलेली तारली गाढवांवर लादून डोंगराच्या पायथ्याशी यायची. अर्धी खजुराच्या मुळात जायची, अर्धी गाईच्या पोटात. मग दुधाला तारलीचा वास, ताकाला तारलीचा वास, तुपालाही तोच. आम्ही रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे मुसलमान. मासळीचा वास आम्हाला नवा नाही, माडाला मासळीचं खत आम्हीही घालतो. पण गाईच्या सडातून मासळी निघावी, याची मला तेव्हा जी किळस आली ती आजपर्यंत गेलेली नाही.

गावाचं नाव मी लिहिणार नाही. इतक्या वर्षांत त्या लोकांनी माझं नाव एकदाही घेतलं नाही. 'ए हिंदी', 'अरे हिंदी', एवढंच. फिटंफाट.

साठ साल उलटून एखाद-दोन वर्षं झाली असतील. दुबईत खाडीकाठी माझं तांदूळ, चहा आणि कापडाचं दुकान होतं. तेव्हा तिथेही रुपयाच चाले. ते दुकान मला कोणी दिलं नव्हतं. आधी लाँचवरची पोती पाठीवर वाहिली, मग पोती वाहणाऱ्यांवर मुकादम झालो, मग पोत्यातला माल माझा झाला. भाव करण्यात मला हरवणारा बाजारात फारसा कोणी नव्हता, आणि हे मी नाही, माझ्याशी भांडून गेलेले लोक सांगत. त्या गावाला मी लिंबांसाठी जायचो. तिथे लिंबं उन्हात काळी, दगडासारखी होईपर्यंत वाळवतात आणि अरब ती मटणाच्या रश्शात टाकतात. कोरड्या नदीच्या पात्रातून जीप हाडं खिळखिळी करत जायची आणि डोंगर वळला की ती हिरवी पट्टी दिसायची. लांबून फार सुंदर दिसे. लांबूनच.

जवळ गेलं की माशा. खजुराच्या कोठारातून काळा चिकट पाक जमिनीवर ओघळलेला, त्यावर गांधीलमाशा. झावळ्यांच्या भिंतींची घरं, त्यांच्या सावलीत तारलीचे ढीग, ढिगांवर शेळ्या. गावाचा सगळा जीव एका पाटात होता. डोंगराच्या पोटातून, जमिनीखालून खणून आणलेला तो पाट. त्याला ते फलज म्हणत. जिथे तो उघड्यावर येई तिथे पिण्याचं पाणी भरत. त्याच्या खाली मशिदीत नमाजाआधी हातपाय धुण्याचा वजू. त्याच्या खाली पुरुष आंघोळ करत, त्याच्या खाली बायका, त्याच्या खाली भांडी आणि मयताची गोधडी. एवढ्या सगळ्यांची अंगं धुऊन ते पाणी शेतात जाई, आणि त्या शेतातला खजूर पाहुण्याच्या हातात. मी तो हातात घ्यायचो आणि संधी मिळाली की शेळीला द्यायचो.

अशा गावात मी जमीन घेतली. का, ते सांगतो.

बाबा गेले तेव्हा मी दुबईत होतो. घरी पोचलो तोवर थोरल्या भावाने हापूसची सगळी बाग आपल्या नावावर करून घेतली होती. मला म्हणाला, "तू तिकडे कमावतोयस. तुला बाग कशाला? आणि कलम लावायला हात लागतो. तू हमाल. तुझ्या हाताला झाड लागायचं नाही." हे तो गावकीसमोर म्हणाला. लोक हसले. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: बाबांच्या झाडाचं कलम माझ्या स्वतःच्या जमिनीत लावायचं, आणि पहिला आंबा भावाच्या हातात ठेवायचा. तो खाताना त्याचं तोंड कसं होतं ते मला हवं होतं, आणि मी नसेन तिथे तर दुसऱ्याच्या डोळ्यांनी. त्या हिरव्या पट्टीत मला एकदा आंब्याचं झाड दिसलं होतं. गावठी, तुरट, पण आंबा. म्हणजे माती आंबा धरते.

जमीन एका म्हाताऱ्याची होती. गावाच्या खालच्या अंगाला एक तुकडा रिकामा पडलेला, बाजूला त्याचे खजूर. मी त्याच्या अंगणात बसलो. कॉफी आली, आणि त्याने भाव सांगितला. माझी अरबी अर्धी मदरशातली, अर्धी बाजारातली. म्हणजे दुवाही येत आणि शिव्याही.

"तुकडा खडकाळ आहे," मी म्हटलं.

"आहे," म्हातारा म्हणाला.

"कोपऱ्यात आहे. गाडी जात नाही."

"जात नाही."

"मग एवढा भाव कशाचा?"

"तू सांग."

मी सांगितला तो भाव ऐकून आमच्याकडच्या माणसाने काठी उचलली असती. म्हाताऱ्याने डोळे मिटले, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "खलास." म्हणजे सौदा ठरला. साक्षीला पाण्याचा मुकादम होता. त्याला अरीफ म्हणत. उन्हात रोवलेल्या काठीची सावली बघून कोणाची पाण्याची पाळी कधी सुरू आणि कधी संपली हे तो ठरवायचा. म्हाताऱ्याने आणि मी हात मिळवले. तेवढ्यात झावळीच्या भिंतीपलीकडून कोणीतरी बाई मोठ्याने हसली. मला वाटलं, शेळीने काहीतरी केलं असेल.

परत येताना जीपमध्ये मी स्वतःशी गात होतो. अर्ध्याहून कमीत घेतला होता तुकडा.

हिवाळ्यात कलमं आली. आमच्या गावचा एक तांडेल होता, मदरशात माझ्या शेजारी बसून मार खाल्लेला. त्याची लाँच दुबईला यायची. भाऊ बाजाराला गेलेला बघून त्याने बाबांच्या जुन्या झाडाच्या काड्या आणल्या, स्वतःच्या घराच्या परसात रोपांवर बांधल्या, आणि जगल्या त्या आठ माझ्यासाठी आणल्या; मुळाशी ओलं गोणपाट, वरून काथ्या.

"प्यायचं पाणी कमी पडलं तरी यांना घातलं," तांडेल म्हणाला. "खलाशी मला शिव्या देत होते. मेली तर तुझ्या नावाने कबर बांधीन."

"मरतात कशाला? लाल माती सोडून सगळं आहे तिथे."

"आणि तुझा भाऊ कुठे आहे तिथे? त्याच्याशिवाय तुला जेवण जातं का?"

आपल्याकडे खणतात तसे मी आठ खड्डे स्वतः खणले. कलमं उभी केली, माती दाबली, आळी केली. मग पाटाकडे गेलो. माझ्या तुकड्याच्या वर पाटाला एक तोंड होतं, दगड आणि चिंध्या कोंबून बंद केलेलं. मी दगड काढला. पाणी माझ्या आळ्यांकडे धावलं. बघायला इतकं बरं वाटलं की मी ओल्या मातीत उभा राहून हसत होतो.

अरीफ ओरडत आला. वाकला, दगड परत बसवला, चिंध्या पायाने कोंबल्या.

"हे काय?" मी म्हटलं.

"हे पाणी तुझं नाही."

"जमीन माझी आहे. तू साक्षीला होतास!"

"जमिनीला होतो."

"मग पाणी कोणाचं?"

"म्हाताऱ्याच्या बहिणीचं."

"आणि जमिनीबरोबर आलेलं पाणी?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी विचारलं होतं की जमिनीबरोबर आलेलं आभाळ कुठे आहे. त्यांच्याकडे जमीन वेगळी विकतात, पाणी वेगळं. बाप मेला की मुलांत जमिनीची वाटणी वेगळी, पाण्याच्या पाळ्यांची वेगळी. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. आपल्याकडे चार महिने आभाळ फुकट ओततं. बाग घेतली की विहीर बागेतच असते, ती काय कोणी काढून नेतो? आयुष्यभर मी पोत्याच्या तळाशी हात घालून तांदूळ तपासला, आणि ते पाणी कोणाचं हे विचारावं असं माझ्या सात पिढ्यांत कोणाच्या डोक्यात आलं नसतं.

मी म्हाताऱ्याच्या अंगणात जाऊन त्याचा गळा धरला. खरोखर धरला. तो शांतपणे म्हणाला, "तू खडकाबद्दल बोललास, कोपऱ्याबद्दल बोललास, गाडीबद्दल बोललास. पाण्याबद्दल तू बोलला नाहीस. मला वाटलं, हिंदी हुशार आहे, त्याने पाण्याचं काहीतरी बघितलं असेल."

भिंतीपलीकडून परत तेच हसू.

विहीर खणायला गेलो, तर पाटाच्या आसपास विहीर खणायची मनाई. पिण्याच्या जागेवरून कोणालाही पाणी नेता येई, अगदी वाटसरूलाही, म्हणून मी डबे भरून नेऊ लागलो. अरीफने हात धरला.

"हे तहानेचं पाणी आहे."

"झाडाला तहान लागत नाही का?"

"माणसाची तहान अल्लाची. झाडाची तहान मालकाची."

शेवटी मी त्या बहिणीकडे गेलो. विधवा, माझ्याहून वयाने बरीच मोठी. चेहऱ्यावर कडक कापडाचा निळाकाळा मुखवटा, त्याचा रंग गालाला लागलेला. ती तारली पसरत होती. हात कोपरापर्यंत खवल्यांनी चमकत होते. तेच हात धोतराला पुसावेत तसे झग्याला पुसून तिने माझ्यासाठी दूध घातलेला चहा ओतला. त्यालाही तोच वास. मी पेला खाली ठेवला.

"पी," ती म्हणाली.

"आधी बोलू."

"नको पिऊस तर. बोल."

"पाणी विकत दे. भाव सांग."

"मी पाणी विकत नाही. बाप मेला तेव्हा भावाने जमीन घेतली. मी म्हटलं, मला पाणी द्या. सगळा गाव हसला, की पोरगी वेडी, वाहून जाणारी वस्तू मागते. आता भाऊ दर पाळीला माझ्या दारात येतो. तुला विकला तो तुकडा मी वर्षानुवर्षं सुकवलाय, कारण तिथे उभं राहून तो मला वाईट बोलला होता. पाणी विकलं तर माझ्याकडे काय राहील?"

"मग काय हवं?"

"अर्धी झाडं."

"कसली अर्धी? कलमं मी आणली. खड्डे माझे. जमीन माझी!"

"जमीन काय करते? पडून असते."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अर्ध्याची भाषा माझ्याशी नको. माझं अर्धं माझ्या सख्ख्या भावाने असंच बोलून खाल्लंय."

"मग पाणी भावाकडे माग," ती म्हणाली आणि तारली पसरू लागली.

मी उठलो. तिच्या चहाला तोंडही न लावता जीपमध्ये बसलो. मेली तर मरू देत, पण अर्धी देणार नाही. दुबईत पोचलो तरी कपड्यांतून तारलीचा वास जाईना. खाडीवर तांडेल भेटला. सगळं ऐकून पोट धरून हसला.

"म्हणजे तू तिला नाही म्हणालास?"

"अर्धी मागत होती!"

"अर्धी नाही दिलीस, मग आता तुझ्याकडे किती आहेत?"

मी लाँचवरची पोती मोजू लागलो.

"यंदा घरी गेलो की भावाला काय दाखवू तुझं? काटक्या? त्या मी चुलीत घालतो, म्हणतो घ्या, धाकट्याच्या बागेचा धूर."

त्याला शिव्या दिल्या, पण उन्हाळा तापायच्या आत मी परत गेलो. मनाशी ठरवलं होतं की अर्ध्यावरून तिसऱ्या हिश्श्यावर आणीन. बाई आहे, रडेल, मानेल.

तुकड्यावर गेलो आणि उभाच राहिलो. वरच्या बाजूची चार कलमं हिरवीगार होती, तांबूस पालवी फुटलेली, आळी ओली. खालच्या बाजूची चार उभ्या उभ्या वाळली होती. चौथ्या आणि पाचव्या आळ्यांमध्ये मातीचा एक नीट बांध घातलेला, पायाने दाबून पक्का केलेला. पाणी त्या बांधापर्यंत येऊन थांबलेलं. पलीकडे मी कलमाला हात लावला तर साल सुटून बोटात आली.

ती खजुराखाली उभी होती.

"हे काय केलंस?" मी किंचाळलो.

"माझी अर्धी मी जगवली," ती म्हणाली. "तुझी अर्धी तुझी."

"मी तुला अर्धी दिली नव्हती!"

"म्हणून तर तुझ्या अर्ध्याला हात नाही लावला."

मी जीपमधून कुऱ्हाड आणली. म्हटलं, जमीन माझी आहे, तोडून टाकतो. ती म्हणाली, "तोड." म्हातारा आला, अरीफ आला. अरीफ म्हणाला, "ज्याच्या पाण्यावर झाड उभं, त्याचं झाड. पण कुऱ्हाड तुझी, हात तुझा." कोणी मला अडवलं नाही. अडवलं असतं तर मी तोडलंच असतं. पालवीला नाक लावलं तर बाबांच्या झाडाचा वास, तोच, चिकाचा. त्या घाणेरड्या गावात, तारलीच्या ढिगाशेजारी. कुऱ्हाड घेऊन परत जीपमध्ये बसलो.

पुढची काही वर्षं मी त्या गावाला फक्त लिंबांसाठी गेलो. लिंबं घासाघीस करून घ्यायचो आणि त्या तुकड्याकडे पाठ करून निघायचो. पण जीप वळताना आरशात दिसायचं. झाडं पुरुषभर झाली. मग मोहोर आला. मोहोराच्या दिवसांत लिंबांची गरज नसताना मी दोनदा गेलो.

आंबा तयार झाल्याचं मला गावच्याच एका लिंबवाल्याने सांगितलं. मी तिच्या अंगणात गेलो आणि म्हटलं, "दोन विकत दे." ती म्हणाली, "पाहुण्याला विकत नाही. चहा पी." तोच चहा, तेच दूध. भिंतीवर माशा. दोन आंबे हवे होते, म्हणून नाक दाबून प्यायलो. तिने मला तीन दिले. एक तिथेच कापला. त्या हातांनी, ज्यांना तारलीचे खवले लागलेले होते. मी खाल्ला. साल जराशी जाड, आकार जरा लांबट, पण आत बाबांचीच बाग होती. मला इतका राग आला की धन्यवादही म्हटलं नाही.

उरलेले दोन मी गवतात बांधून तांडेलाला दिले. त्याची लाँच तेव्हा दुबईला दुरुस्तीसाठी वर ओढलेली होती, म्हणून तो आगबोटीने घरी चालला होता.

"काही सांगू नकोस," मी म्हटलं. "नुसता हातात ठेव. तोंड बघ आणि मला येऊन सांग."

पावसाळा संपल्यावर तो परत आला. मी दुकान बंद केलं आणि त्याला आत बसवलं.

"दिलास?"

"दिला."

"मग?"

"देठ हुंगला. दोनदा हुंगला. म्हणाला, हा माझ्या जुन्या झाडाचा आहे. कोणी चोरला?"

"आणि?"

"मी म्हटलं, भाई, हा दुबईचा आहे, धाकट्याने पाठवलाय. तर म्हणतो, माझ्या बागेतला चोरून मलाच भेट पाठवतो? हमाल तो हमालच. मी म्हटलं, अहो, तुमचा आंबा संपून महिना झाला, चोरणार कुठून? तर तिसऱ्यांदा हुंगला."

"खाल्ला?"

"दोन्ही. बाठा चोखून चोखून पांढरा केला."

"तोंड कसं झालं?"

"तुझ्यासारखं," तांडेल म्हणाला. "आता होतंय तसं."

मी त्याला दुकानाबाहेर काढलं. मग परत बोलावून सांगितलं की पुढच्या खेपेला आणखी आठ काड्या बांध.

कलमं आली तेव्हा मी आधी किनाऱ्यावर गेलो, जीपभर तारली घेतली, आणि ती पोती स्वतः उचलून तिच्या दारात ठेवली. पाठीवर पोतं घेऊन बरीच वर्षं झाली होती. मानेवरून ते तेलकट, कुबट पाणी शर्टात उतरत होतं. म्हातारा बघत होता, अरीफ बघत होता. हसू द्या.

"अर्धी," मी तिला म्हटलं. "पण यावेळी लावायच्या आधी ठरवायचं, कोणाची कोणती."

"वरची चार माझी," ती लगेच म्हणाली.

"नाही. एकाआड एक. पहिलं माझं, दुसरं तुझं, तिसरं माझं. आणि आळी एकात एक जोडलेली, पहिलं भरलं की दुसऱ्यात. घाल आता बांध कुठे घालतेस तो."

मी बोटाने मातीत आठ आळी काढून दाखवली; ती त्या ओळीकडे बघत राहिली. तिच्या पाण्याला तिच्या झाडापर्यंत जायचं तर माझं झाड भिजवल्याशिवाय जाता येणार नव्हतं. मुखवट्यामागे काय झालं ते मला दिसलं नाही. पण हसू ऐकू आलं, आणि ते मी ओळखतो, भिंतीपलीकडचं.

"खलास?" मी विचारलं.

"बस," ती म्हणाली. "आधी चहा पी."

दूध तसंच होतं. मासळीचं.